डावा गाल

“हात नका लावू, आत्ताच लावलंय,” बायको म्हणाली आणि तिने मान मागे घेतली. चार बोटंच मागे घेतली असेल. माझा हात मात्र स्वयंपाकघराच्या दारात तसाच वर राहिला. त्याचं आता काय करायचं ते सुचेना, म्हणून मी त्याच हाताने दाराच्या चौकटीवरचा रंग तपासल्यासारखं केलं. चौकटीचा रंग उत्तम होता, मीच दिला होता. काय लावलंय, कशासाठी लावलंय, हे विचारायचं सोडून मी म्हणालो, “वरच्या कोपऱ्यात पोपडा धरतोय वाटतं.” “धरू दे,” असं म्हणून ती चहा ओतायला वळली. संध्याकाळी कामावरून आलं की बूट काढायच्या आधी बोटांची पाठ तिच्या गालाला लावायची, ही माझी सवय लग्नाच्या पहिल्या महिन्यापासूनची. तळवा नाही, बोटांची पाठ. भिंतीची ओल तळव्याला कळत नाही. तळवा राकट होऊन गेलेला असतो. बोटांच्या पाठीला कळते. गाल गार आहे का, दिवस कसा गेला, डोकं दुखतंय का, रुसवा आहे का, हे सगळं मला तेवढ्या एका स्पर्शात समजायचं, निदान समजतं असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी काहीच न समजता मी चहा प्यायलो.

चहा पिताना तिनेच सांगितलं, आणि तेही वर्तमानपत्रातली बातमी सांगावी तसं. “माझी त्वचा मिश्र आहे. नाकाकपाळावर तेलकट आणि गालांवर कोरडी. म्हणून सगळीकडे एकच साबण फासून चालत नाही. मी आजवर तेच करत होते.”

“कोण म्हणतं?”

“कोपऱ्यावरचे औषधवाले. नीट बघून सांगितलं त्यांनी.”

नीट बघून. हे दोन शब्द चहाबरोबरही खाली उतरेनात. मी रंगाच्या दुकानात काम करतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, पांढरा द्या. मी म्हणतो, आधी भिंत कशी आहे ते सांगा. नवा गिलावा आहे का, जुन्या चुन्यावर चुना आहे, स्वयंपाकघरातली तेलकट झालेली आहे, की मागच्या अंगाची ओल धरणारी? भिंत न बघता दिलेला महागातला महाग रंग वर्षाच्या आत पापुद्रे सोडतो. तेव्हा कातडीचे प्रकार असतात आणि ज्याची जशी तसं तिचं करावं लागतं, हे जगात सगळ्यांत आधी पटायला हवं होतं ते मला. आणि पटलंही. पण तिची त्वचा मिश्र आहे हे मला ठाऊक नव्हतं का? नाकाचा शेंडा चकाकतो आणि गालाला थंडीत बारीक पांढरी सालं येतात, हे मी इतकी वर्षं रोज बघत आलो होतो. मला कुणी विचारलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घालून सापडलं कोण, तर औषधवाला.

न्हाणीघरातल्या फळीवर माझा दाढीचा ब्रश आणि साबणाची वाटी असायची. दुसऱ्या दिवशी ब्रश-वाटी खिडकीच्या कट्ट्यावर गेली आणि फळीवर तीन बाटल्या आल्या. मग एक नळी. मग एक लहान टॉवेल, फक्त चेहऱ्याचा, ज्याला मी हात पुसायचे नाहीत. सकाळ-संध्याकाळ तिचा तो कार्यक्रम सुरू झाला. फेस न येणाऱ्या साबणाने तोंड धुवायचं, कोमट पाण्याने. घासून पुसायचं नाही, टिपायचं. चेहरा ओलसर असतानाच पहिलं लावायचं, ते मुरू द्यायचं, मग सकाळ असेल तर उन्हाचं लावायचं. नवीन काही आणलं की एकदम तोंडाला नाही. आधी कानामागे ठिपका द्यायचा आणि एक दिवस वाट बघायची. आम्हीही नवा रंग आधी दाराआड हातभर जागेत मारून बघतो, पण हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि कदाचित ते जाऊन त्याला सांगितलं असतं. ताजं काही लावलेलं नसलं की संध्याकाळी माझी बोटं पूर्वीसारखीच तिच्या गालाला लागायची. आरशापुढे उभी असली की तिचा चेहरा निराळा व्हायचा, मन लावून ऐकत असल्यासारखा. ती गुणगुणायची. मी दारात उभा राहिलो की गुणगुणणं थांबायचं. “काही हवंय का?” ती विचारायची. मला काही नको असायचं, आणि ते सांगायला तोंड उघडलं की भलतंच निघायचं. “एवढं चोपडून काय उजळणार आहे?” मी एकदा म्हणालो. “उजळायचं नाहीये, शांत करायचंय,” ती म्हणाली. कुणाच्या तोंडचं हे वाक्य, ते मला लगेच कळलं.

पोटात दुखणं म्हणतात ते खरोखर पोटात असतं. माझं ते जुनं आहे. लहानपणी आम्ही दोघं भाऊ. दादाची त्वचा नाजूक, गार वारा लागला की त्याचे ओठ फुटायचे, कोपरांना भेगा पडायच्या. आई त्याला मांडीजवळ ओढून बसायची, काचेच्या डबीतलं पांढरं क्रीम बोटावर घ्यायची आणि त्याच्या गालांवर गोल गोल फिरवत राहायची. तेवढा वेळ तिला दुसरं काही ऐकू जायचं नाही. मी समोर जाऊन बसायचो. गाल पुढे करायचो. “तुला नाही रे लागत,” आई म्हणायची, “तुझी कातडी जाड आहे.” तिने ते कौतुकानेच म्हटलं असणार. अंगात ताकद आहे, तसं कौतुक. मग तळव्याला उरलेलं ती माझ्या तोंडावरून एकदा झरकन फिरवायची, वाया जाऊ नये म्हणून. त्या उरलेल्यासाठी मी रोज बसून राहायचो. एकदा मी मुद्दाम थंडीत उघड्या अंगाने गच्चीवर उभा राहिलो, माझेही ओठ फुटावेत म्हणून. फुटले नाहीत, सर्दी झाली. दादा आता दुसऱ्या देशात असतो, त्याचं डोकं टकलं झालंय आणि तो फोनवर माझी आपुलकीने चौकशी करतो. तरी त्याचे गाल आठवले की मला अजून राग येतो. आईला जाऊन किती वर्षं झाली आणि मी अजून उरलेल्या क्रीमचा हिशेब लावतोय, हे मलाही शोभत नाही.

एका सकाळी केराच्या टोपलीत मला पातळ कागदाचा तुकडा दिसला. तोंड धुतल्यावर काहीही न लावता थोडा वेळ थांबायचं आणि मग असा कागद कपाळाला, नाकाला, गालांना दाबून बघायचा, म्हणजे तेल कुठे सुटतं ते कळतं. हे तिने मला सांगितलं होतं. मी तो कागद उचलून खिडकीत धरला. मधोमध नाकाची एक पारदर्शक खूण होती आणि वर कपाळाचा पुसट पट्टा. गालांच्या जागी काही नव्हतं. मी तो घडी करून खिशात ठेवला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नसती, पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणूस केर चिवडतो, आणि केर चिवडताना आपण फार हुशार आहोत असं त्याला वाटत असतं. भिंतीच्या ओलीसाठी आम्ही असंच करतो. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं, तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दिसलं, तर खोलीतल्या हवेतून. दिवसभर दुकानात डब्यांची झाकणं उघडताना तो कागद माझ्या खिशात होता. आमची ओल आतून येतेय की बाहेरून, एवढंच मी स्वतःला विचारत होतो. त्या दिवशी हस्तिदंती मागणाऱ्या बाईंना मी गुलाबी झाक असलेला रंग बनवून दिला. मालक म्हणाले, “लक्ष कुठाय तुमचं? त्या बाईंनी घराला लावला असता तर आपल्याला तोंड लपवावं लागलं असतं.” मी डबा पुन्हा बनवला, टर्पेंटाइनच्या फडक्याने बोटं पुसली, मागच्या नळावर साबणाने हात धुतले. हे मी दिवसातून कितीदा करतो ते मलाही सांगता येणार नाही. त्या वासाला मी सरावलो आहे. बायको पूर्वी म्हणायची, तुम्ही जिन्यात असता तेव्हाच मला कळतं. अलीकडे म्हणत नाही, हे मला तेव्हाच आठवलं, आणि त्याचाही मी वाईटच अर्थ लावला.

मग मी त्या दोघांना बघितलं. रंगाच्या नमुन्याचा कागद पोचवायच्या निमित्ताने मी दुपारी बाहेर पडलो होतो. नमुना पोचवायचं घर एका दिशेला आणि औषधाचं दुकान दुसऱ्या; तरी मी त्या काचेसमोरच जाऊन उभा राहिलो. ती आत होती. तिची सुटी दुपारचीच असते. सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीत बसते ती, दिवसभर माणसं तिच्या तोंडाकडे बघून पत्ते विचारतात. गल्ल्यावरचा दिवा वळवून त्याने तिच्या चेहऱ्यावर आणला होता. पन्नाशी उलटलेला माणूस, चष्मा दोरीला, पांढरा अंगरखा, आणि हात असे स्वच्छ की जन्मात कधी खिळा उचलला नसावा. त्याने तिला हातही लावला नाही. हे मी शपथेवर सांगतो, आणि त्यानेच मला जास्त लागलं. भिंग घेऊन तो नुसता वाकला, आणि तिने डोळे मिटून मान डावीकडून पुढे केली. गाल पुढे केला. मी आईसमोर करायचो तसा. माझ्यासमोर तिने कधी असा गाल पुढे केला होता? मी आपणहून हात लावत आलो, म्हणून तिला कधी पुढे करावाच लागला नाही, हा विचार तेव्हा मला शिवला नाही. तो काहीतरी बोलला. तिने मान हलवली, नाही नाही अशी, आणि मग हसली, पण ते हसू लगेच गेलं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय ते मला त्या फुटपाथवर समजलं. नमुना माझ्या हातात चुरगळला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात शिरलो. लवकर निघालो होतो, मालकांना डोकं दुखतंय असं सांगून. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, सरळ विचारायचं, असं ठरवून गेलो आणि आत गेल्यावर म्हणालो, “माझी त्वचा कुठल्या प्रकारची आहे ते बघून मिळेल का?”

“बघतो की,” तो म्हणाला. त्याने दिवा वळवला. “साबण कुठला वापरता?”

“अंगाचा. तोच.”

“तोंडाला काही जळजळ, खाज?”

“मला काही होत नाही. माझी कातडी जाड आहे.”

तो हसला. “असं सगळे पुरुष म्हणतात.” मग त्याने भिंग उचललं, आणि माझे हात काचेच्या काउंटरवर टेकलेले होते तिकडे त्याची नजर गेली. भिंग तसंच हातात धरून तो थांबला. त्याने हवा नाकात ओढून घेतली, हे मला दिसलं.

“कुठे काम करता आपण?”

“रंगाच्या दुकानात.”

“हात कशाने साफ करता?”

“मी तोंडाचं विचारलं,” मी म्हणालो. “आणि खरं सांगू का, ते विचारायलाही नाही आलो. चौकशीच्या खिडकीत बसतात त्या बाई, त्यांच्या तोंडाचं तुम्हाला फार कळतं म्हणे. मी त्यांचा नवरा.”

मला वाटलं होतं तो दचकेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी त्याच्या तोंडावर चांदणं शोधत होतो. त्याच्या तोंडावर फक्त अवघडलेपण होतं. त्याने दिवा बंद केला. “त्यांच्याशीच बोला तुम्ही,” तो म्हणाला. “एकाचं दुसऱ्याला सांगायची माझी पद्धत नाही.”

“काय बोलू? काय आहे बोलण्यासारखं?”

“तुम्ही रागावून आला आहात.”

“हो.”

“मग असंच घरी जाऊ नका.” तो एकेक शब्द तोलून बोलू लागला. “मी तुमच्याच हातांबद्दल बोलतो, ते चालेल ना? टर्पेंटाइन नुसत्या साबणाने जात नाही. नखांच्या कडांना राहतं, भेगांत राहतं. ज्याच्या हाताला असतं त्याला काही होत नाही पुष्कळदा. ज्याला त्या हाताचा स्पर्श होतो, त्याला होतं. वर्षानुवर्षं होत नाही आणि मग एक दिवस कातडी नको म्हणते. कोरडी, हळवी कातडी असेल तर लवकर म्हणते. आणि एका जागी म्हणते.” तो फळीकडे वळला आणि एक नळी आणि रबरी हातमोज्यांचं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. “हे बाजूला काढून ठेवलेलंच होतं. एकांनी सांगून ठेवलंय. म्हणाल्या, आत्ता नको द्यायला, वेळ बघून सांगीन. त्यांना फार लागेल.”

मी माझा उजवा हात बघितला. आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला उजवा हात लावला की तो त्याच्या डाव्या गालावर पडतो. इतकी साधी गोष्ट. ओल आतून नव्हती येत. बाहेरून येत होती, रोज संध्याकाळी, जिना चढून, बूट काढायच्या आधी.

घरापर्यंतचा रस्ता मी खिशात हात घालून चाललो. लाज वाटत होती, ते खरं. पण खोटं कशाला बोलू, पोटात अजून दुखतच होतं, आता निराळ्या जागी. त्या दोघांनी मला सांभाळलं होतं. गल्ल्यावर दिवा लावून, माझ्याविषयी हलक्या आवाजात, याला कसं सांगायचं, याला लागेल. मला लागेल हे तिने त्याला सांगितलं होतं. म्हणजे माझी कातडी किती जाड आहे हे सुद्धा त्या माणसाला माझ्याआधी कळलं होतं.

ती घरी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलो होतो, हात टेबलावर, शेजारी नळी आणि हातमोजे. ती ते बघून दारातच थांबली. संध्याकाळचा उजेड तिच्या डाव्या बाजूला होता आणि मी प्रथमच तिथे हात न लावता नुसतं बघितलं. गालाच्या उंचवट्यावर बोटांच्या रुंदीचा तांबूस डाग होता. कडेला बारीक पुरळ. इतके दिवस मी फळीवरच्या बाटल्या बघत होतो.

“त्यांनी सांगितलं?” तिने विचारलं.

“त्यांनी माझ्या हातांचं सांगितलं. तू का नाही सांगितलंस?”

तिने पर्स ठेवली. “काय सांगू? हात लावू नका, असं? वाढदिवस तुमच्या लक्षात राहत नाही, दळणाचा डबा कुठे असतो ते माहीत नाही. तेवढी एक गोष्ट तुम्ही न चुकता करता.” मग ती खुर्ची ओढून बसली. “मी बाटल्या लावून बघत होते. वाटलं, गाल नीट झाला तर सांगायलाच नको. उजवा झाला. हा होत नव्हता.”

“आणि त्याच्याकडे गेलीस.”

“मी कुठे जाणार होते? खिडकीत एक बाई आल्या होत्या. पत्ता विचारला, मग माझ्याकडे बघत राहिल्या, आणि काचेच्या भोकाजवळ तोंड आणून हळूच म्हणाल्या, घरी सगळं ठीक आहे ना तुमच्या? कुणी हात उगारतं का?” तिने टेबलावरच्या नळीचं झाकण फिरवलं आणि परत बसवलं. “मी म्हटलं, नाही हो, माझे मिस्टर तसे नाहीत. त्यांना पटलं नाही. तशीच उठून गेले मी औषधवाल्यांकडे. म्हटलं, काहीही करा आणि हा डाग घालवा.”

बोलण्यासारखं होतं ते एवढंच, की आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि ते बोलूनही काही होणार नव्हतं. शेवटी मी म्हणालो, “म्हणजे आता नाहीच का लावायचा हात?”

उठून तिने भांड्यात कोमट पाणी घेतलं, फळीवरची पहिली बाटली आणली, तो लहान टॉवेलही आणला, आणि माझे दोन्ही हात पाण्यात घातले. फेस आला नाही. तिने एकेक बोट धुतलं, नखांच्या कडा धुतल्या, पाणी बदलून पुन्हा धुतले. पुसले नाहीत, टिपले. मग उजेडाकडे नेऊन उलटेसुलटे बघितले, अगदी नाकाशी नेऊन वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, आरशासमोरचं, मन लावून ऐकणारं. ते माझ्या हातांकडे वळलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी हलायला भीत होतो.

“कोरडी आहे,” ती म्हणाली. “भेगाळलीय सगळी. इथे तर रक्त येईल आता. दुखत नाही?”

“नाही. जाड आहे.”

“कोण म्हणतं?” तिने नळी पिळली आणि माझ्या बोटांच्या पाठीवर गोल गोल फिरवत राहिली. “कागदासारखी झालीय, आणि म्हणे जाड.”

मुरेपर्यंत आम्ही तसेच बसलो. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, शेजारी नळ वाहत होता. मला रडू येईल असं वाटलं आणि ते येऊ नये म्हणून मी चौकटीच्या कोपऱ्याकडे बघू लागलो. तिथे खरंच पोपडा धरत होता. “उद्यापासून हातमोजे,” ती म्हणाली. मी मान हलवली. मग ती खुर्चीवरच वळून पाठमोरी झाली, मान एका बाजूला कलती केली आणि डाव्या कानामागचे केस उचलून धरले.

“इथे,” ती म्हणाली. “गालाला आत्ता नाही. आधी इथे लावायचा, आणि उद्यापर्यंत थांबायचं. लाल झालं नाही तर पुढचं.”

मी एका बोटाची पाठ तिथे टेकवली. ती जागा गार होती, मऊ होती, आणि इतक्या वर्षांत मी तिथे कधी बघितलंही नव्हतं. बोट उचलताना मला पुन्हा ते पोटातलं आठवलं, आणि न राहवून मी विचारलं, “आणि उद्या लाल झालंय का नाही, ते कोण बघून सांगणार?”

“मला का कानामागचं दिसणार आहे?” ती केस न सोडता म्हणाली. “तुम्हीच बघायचं.”